बाळसे आणि यकृत

इतिहास म्हटला की किल्ले, लढाया आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. सातवीपर्यंत आम्ही त्या पाठ केल्या आणि संसाराला लागल्यावर विसरूनही गेलो. पण घरात शिजणाऱ्या अन्नालाही इतिहास असतो, चुलीवरच्या भांड्यालाही असतो, आणि मांडीवरच्या मुलाच्या पोटात जे यकृत मुकाट्याने काम करीत असते त्यालाही असतो. यंदाच्या स्मरणिकेसाठी मी हाच विषय घेतला आहे. कारण अलीकडे ओळखीच्या घरांतून दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ लिहून आल्याचे वारंवार ऐकू येते. ऐकणाऱ्या प्रत्येक आईच्या तोंडी प्रश्न एकच असतो, “दारुड्यांचा आजार माझ्या लेकराला कसा झाला?” त्या प्रश्नाच्या मागे जाता जाता जी हकीकत हाती लागली, ती आपल्यापुढे ठेवते.

यकृत म्हणजे आपल्या पोटातले कोठार. उजव्या बरगड्यांखाली त्याचे ठिकाण. खाल्लेल्या अन्नाचा सारा माल आधी तेथे येतो; तेथे तो निवडला जातो, साठविला जातो आणि लागेल तसा शरीराला पोहोचविला जातो. आपण ‘आईचे काळीज’ म्हणतो तेव्हा मनात हृदय असते, पण काळीज या शब्दाचा मूळ अर्थ यकृत असाच आहे. या कोठाराची एक खोड आहे. ते भरून वाहू लागले तरी लवकर कुरकुर करीत नाही. पोट दुखत नाही, ताप येत नाही, मूल हसत-खेळत असते. म्हणूनच त्याची हकीकत माणसाला फार उशिरा कळली.

सर्वांत जुनी साक्ष एका पक्ष्याची आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या थडग्यांच्या भिंतींवर बदकासारख्या हंसपक्ष्यांना धरून त्यांच्या घशात दाणे कोंबणारी माणसे कोरलेली आहेत. असा पक्षी लठ्ठ होई आणि त्याचे यकृत चरबीने फुगे. पुढे रोमन लोकांनी त्यांना अंजिरे चारून तेच केले. त्यांच्या लॅटिन भाषेत अंजिराने पोसलेल्या यकृताला जो शब्द होता, त्यावरूनच इटालियन ‘फेगातो’ आणि फ्रेंच ‘फ्वा’ हे यकृताचे शब्द आले. म्हणजे तिकडच्या भाषांनी यकृताला नावच अंजिरावरून दिले! पक्ष्याला असे कोंबून खाऊ घालण्यातली क्रूरता पाहून भारत सरकारने २०१४ साली या पदार्थाची आयात बंद केली. सांगायचे ते इतकेच की, दाणा आणि गोड पदार्थ गरजेबाहेर पोटात गेले तर यकृतात चरबी साठते, हे स्वयंपाक्यांना हजारो वर्षांपासून ठाऊक होते. माणसाच्या मुलाच्या बाबतीत मात्र ते ध्यानात यायला विसावे शतक सरत आले.

आश्चर्य असे की, मुलांच्या यकृतातली चरबी डॉक्टरांनी प्रथम नीट पाहिली ती खाऊन माजलेल्या मुलांत नव्हे, उपाशी मुलांत. सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाई १८९३ साली जमैका बेटात जन्मल्या. आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्ट येथे, म्हणजे आजच्या घाना देशात, त्या १९२९ पासून काम करीत होत्या. तेथे एक-दोन वर्षांची मुले हातपाय सुजून, कातडी सोलवटून, केस तांबूस होऊन मरत. त्यांना पोट भरायला मक्याची पेज मिळे, पण दूध-डाळीसारखे काही मिळत नसे. मेलेल्या मुलांचे यकृत पाहिले तर ते चरबीने भरलेले दिसे. बाईंनी १९३३ साली हा आजार प्रसिद्ध केला आणि १९३५ साली त्याला तेथील बायकांचाच शब्द दिला, ‘क्वाशिऑरकोर’. पाठचे मूल जन्मल्यावर अंगावरून सुटलेल्या मुलाला होणारे दुखणे, असा त्याचा अर्थ. केवढे शहाणपण त्या एका शब्दात आहे! आजाराचे कारण तेथील आयांनी नावातच सांगून ठेवले होते. ऐकून घेणारी एक बाई भेटायची होती.

आता प्रश्न पडतो की, उपाशी मुलाच्या यकृतात चरबी कशी? आपल्या कोठाराच्या भाषेत सांगायचे तर माल बाहेर नेणाऱ्या गाड्या प्रथिनांच्या बनतात. प्रथिनेच नसतील तर गाड्या नाहीत, आणि गाड्या नाहीत म्हणून चरबी आत पडून राहते. आजच्या लठ्ठ मुलाचे उलट आहे. त्याच्याकडे गाड्या आहेत, पण माल इतका येऊन पडतो की त्या पुऱ्या पडत नाहीत. कोठार दोन्हीकडे तुंबते, कारणे मात्र दोन टोकांची.

आपल्या देशातही क्वाशिऑरकोरची मुले पुष्कळ होती. दक्षिणेत कुन्नूर येथे आहारसंशोधनाची प्रयोगशाळा होती. ती १९५८ साली हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. डॉ. गोपालन यांनी तेथे दाखवून दिले की, आपल्याकडच्या मुलांना केवळ प्रथिने कमी पडतात असे नसून एकंदर अन्नच कमी पडते. गहू, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि गूळ यांचे ‘हैदराबाद मिश्रण’ तेथलेच. त्या काळात ठिकठिकाणच्या महिला मंडळांनी गुटगुटीत बालकांच्या स्पर्धा भरविल्या. वजनकाट्यावर जास्त भरणाऱ्या बाळाला बक्षीस मिळे. आज कोणी त्या स्पर्धांना हसेल, पण हसू नये. ज्या देशात मुले सुकून मरत होती, तेथे बाळसे हीच आरोग्याची खूण होती. आपल्या आज्यांनी ‘खाल्लेले अंगी लागू दे’ असा आशीर्वाद दिला तो भुकेच्या दिवसांतला आशीर्वाद होता.

या हकीकतीचा दुसरा अध्याय आपल्या महाराष्ट्रातला आहे, आणि त्याचे कारण आपल्याच मांडणीवर होते. एक-दोन वर्षांच्या मुलाचे पोट मोठे व्हायचे, यकृत दगडासारखे घट्ट लागायचे, मग कावीळ, पोटात पाणी, आणि काही महिन्यांत मूल जायचे. १८८७ साली कलकत्त्याच्या एका डॉक्टरांनी या आजाराची नोंद केली होती. कधी एकाच घरातली दोन-दोन, तीन-तीन भावंडे या दुखण्याने गेली. दृष्ट लागली, बाहेरची बाधा झाली, आईचे दूध बाधले असे नाना तर्क झाले आणि बहुधा दोष सुनेच्या माथी आला. या आजारात यकृत चरबीने नव्हे तर घट्ट वणांनी भरे, म्हणून तो आजच्या विषयाहून निराळा. पण त्याचा उलगडा कसा झाला तो ऐकण्याजोगा आहे.

१९७९ साली असे दिसून आले की, या मुलांच्या यकृतात तांबे फार मोठ्या प्रमाणात साठलेले असते. तांबे आले कोठून? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि विलायतेतले डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी आयांनाच विचारले. बाळाला वरचे दूध कितव्या महिन्यापासून दिले? ते कशात तापविले? कशात ठेवले? आजारी मुलांना वरचे दूध लवकर सुरू झाले होते आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवून ठेवले जात होते, असे निघाले. १९८३ साली हे प्रसिद्ध झाले. पितळेत तांबे असते, आणि दुधाचा गुण असा की ते तांबे ओढून घेते. मोठ्या माणसाला जे सोसते ते तान्ह्या जिवाला सोसत नाही. युरोपातल्या टायरोल प्रांतातही अशीच गोष्ट घडली होती. तेथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच आजाराने गेली, आणि कल्हई नसलेली तांब्याची भांडी स्वयंपाकघरातून गेली तसा आजारही गेला.

आपल्याकडे भांड्यांना कल्हई लावायची चाल होतीच. कल्हईवाला दारात भट्टी पेटवी, नवसागराचा धूर उठे आणि कथलाचा हात फिरला की भांडे आतून चांदीसारखे दिसे. ती चाल नुसती शोभेची नव्हती. पण पोटाला चिमटा घेऊन संसार करणाऱ्या घरी कल्हई वेळेवर होतेच असे नाही. पुढे बोहारणीने जुन्या कपड्यांवर स्टीलची पातेली दिली, पितळ माळ्यावर गेले, डॉक्टरांनीही ‘बाळाचे दूध पितळेत नको’ असे सांगितले, आणि हा आजार आपल्याकडून जवळजवळ नाहीसा झाला. केवढी मोठी लढाई ही! ना तोफ, ना तह. पातेले बदलले आणि मुले वाचली.

आता तिसरा अध्याय. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. लुडविग यांनी २० रुग्णांची हकीकत लिहिली. दारुड्यांच्या यकृतात जी चरबी आणि सूज दिसते तीच या लोकांत होती, पण ते दारू पिणारे नव्हते. बहुतेक जण थोडेफार लठ्ठ होते, पुष्कळांना मधुमेह किंवा पित्ताचे खडे होते. तोवर या दुखण्याला नावच नव्हते. दारू न शिवणाऱ्या बाईच्या यकृताचा तुकडा तपासून ‘तू चोरून पितेस’ असा संशय घेतला तर तिने काय करावे! नाव मिळाल्याने तो कलंक गेला. तीनच वर्षांनी, १९८३ साली, अमेरिकेतल्याच डॉक्टरांनी तीन लठ्ठ मुलांत हाच आजार दाखविला. आयांच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. हा दारुड्यांचा आजार नव्हेच. यकृताला बुडविण्याच्या दोन वाटा आहेत आणि त्यांतली एक खाण्याची आहे.

तीन मुले म्हणजे थोडकी, असे वाटेल. पण सॅन दिएगो परगण्यात १९९३ ते २००३ या काळात अपघातासारख्या कारणांनी दगावलेल्या २ ते १९ वर्षांच्या ७४२ मुलांची यकृते तपासली गेली आणि २००६ साली निष्कर्ष बाहेर आला. हिशेबाने शंभरांतल्या सुमारे दहा मुलांच्या यकृतात चरबी होती, आणि लठ्ठ मुलांत शंभरांत ३८ जणांच्या. यांतल्या किती घरांना ते ठाऊक असेल? आपल्या देशातल्या निरनिराळ्या पाहण्या दिल्लीच्या डॉक्टरांनी एकत्र केल्या, त्या २०२२ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत लठ्ठ मुलांत शंभरांत ६३, आणि लठ्ठ नसलेल्या मुलांतही शंभरांत १२ जणांत हा आजार आढळला.

लठ्ठ नसलेल्या मुलांतही कसा, याचे उत्तर पुन्हा पुण्यातच सापडते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांची पाहणी केली. तेथे जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोची, तर विलायतेतल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपले बाळ हाडा-मांसाने बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून असलेली. ‘बारीक पण चरबीचे’ बाळ असे त्याचे वर्णन २००३ साली झाले. २००४ साली डॉ. याज्ञिकांनी एका विलायती डॉक्टर मित्राबरोबर स्वतःचा फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण मित्राच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि यांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणजे पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आपल्या शरीराला चरबी जपून ठेवण्याची सवय आहे. अशा शरीरावर एकाएकी साखर आणि तेल यांचा वर्षाव झाला की यकृत लवकर भरते. आणि आपल्याकडे दोन्ही संकटे एकाच वेळी नांदत आहेत. २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभर मुलांत ३६ मुले वजनाने कमी, तर ४ मुले वजनाने जास्त होती. पहिला अध्याय संपण्याआधीच तिसरा सुरू झाला आहे. म्हणून कोणीही हे वाचून आपल्या किडकिडीत मुलाचे खाणे तोडू नये.

साखरेकडे विशेष बोट का दाखवितात, तेही सांगते. साखरेचा अर्धा भाग ज्या गोड द्रव्याचा असतो, त्या फळशर्करेचा निकाल मुख्यत्वे यकृतातच लागतो आणि जास्त झाली की तिची तेथेच चरबी बनते. अख्खे फळ खाल्ले तर चोथ्यासह ती हळूहळू आणि थोडी जाते. बाटलीतून ती एका दमात जाते. ३०० मिलिलिटरच्या थंड पेयाच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅमच्या वर, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते. घरी लिंबाच्या सरबतात कोणी एका पेल्याला सात चमचे घातली तर आपण तिला वेडी म्हणू. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली सांगितले की, मुलांच्या दिवसभराच्या खाण्यात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असावी, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला ती मुळीच नसावी.

यावर औषध काय? २०११ साली १७३ मुलांना ९६ आठवडे मधुमेहाची एक गोळी, ई जीवनसत्त्व किंवा नुसती खोटी गोळी देऊन पाहिले. रक्तातल्या यकृताच्या तपासणीत खऱ्या गोळ्या खोटीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. मग २०१९ साली दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. हा आजार असलेल्या ११ ते १६ वर्षांच्या ४० मुलग्यांपैकी निम्म्यांची वरची साखर आठ आठवडे जवळजवळ बंद केली. त्यांच्या यकृतातली चरबी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. नेहमीचे खाणाऱ्यांची २१ वरून २० एवढीच उतरली. मला या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती निराळीच. साखर एकट्या मुलाची बंद केली नाही, तर त्या सबंध घराचे खाणे बदलून दिले. ताटात बाबांना जिलबी आणि बाळूला काकडी, असा अन्याय केला नाही. दोन महिन्यांत एवढा फरक पडला याचा अर्थ असा की, हे कोठार वेळेवर रिकामे होऊ शकते. तसेच पडू दिले तर मात्र काहींच्या यकृतात सूज येते, वण पडतात, आणि पुढे तेच वण त्याला घट्ट करतात. जो दगड आपल्या आज्यांनी पितळेच्या दिवसांत बोटांनी चाचपला, तोच हा.

खुणा कोणत्या पाहाव्या? एक खूण पुष्कळ घरांत दिसते. लठ्ठ मुलाच्या मानेवर, काखेत काळसर, मखमलीसारखा पट्टा येतो. तो मळ समजून आया डाळीचे पीठ, लिंबू आणि दगड घेऊन घासतात, पोर रडते, पट्टा जात नाही. तो मळ नव्हे. शरीरातले इन्सुलिन नीट काम करीत नाही याची ती पाटी आहे. असा पट्टा दिसला, पोटाचा घेर वाढला, घरात मधुमेह असला तर मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. लठ्ठ मुलाची यकृताची रक्ततपासणी ९ ते ११ या वयात करावी, असे अमेरिकेतल्या बालयकृततज्ज्ञांनी २०१७ साली सुचविले आहे. आपल्या सरकारनेही २०२१ साली मोठ्यांच्या मधुमेह-रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या आजाराचा समावेश केला. वाढत्या मुलाला उपाशी ठेवून वजन उतरवू नये. बहुधा वजन आहे तेथे थोपविले आणि उंची वाढू दिली तरी अंग सुटसुटीत होते. ते किती आणि कसे, हे डॉक्टरांनी ठरवावे. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक, मूठभर शेंगदाणे, ऋतूतले फळ, आणि रोज तासभर घाम येईल असा खेळ, यांत नवे काहीच नाही. पाटावर बसून आपण हेच खात आलो.

तरी हे सोपे आहे असे मी म्हणत नाही. पितळेचे पातेले एकदा माळ्यावर टाकले की काम झाले. पुडा आणि बाटली मात्र रोज दारात उभी राहते. शाळेच्या फाटकाशी दुकान, दूरदर्शनवर जाहिरात, आजोबांच्या खिशात चॉकलेट. २०२० साली सरकारने नियम केला की, शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत फार साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकू नयेत. २०२५ साली केंद्रीय शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेचे फलक लावण्यास सांगितले. नियम चांगले आहेत, पण फाटकाबाहेरच्या त्या ५० मीटरांवर नजर कोण ठेवणार? एकटी आई ‘नको’ म्हणाली तर ती घरात वाईट ठरते. पंचवीस घरांच्या आया एकदम ‘नको’ म्हणाल्या तर तो रिवाज होतो. हळदीकुंकवाच्या वाणात प्लास्टिक न देण्याचा रिवाज अनेक मंडळांनी असाच पाडला आहे.

म्हणून या वर्धापनदिनी मंडळापुढे तीन सूचना ठेवते. पहिली, बालवाडीच्या खाऊत बिस्किटपुडा आणि रंगीत पेय बंद करून चणे-दाणे, केळे, उसळ आणि ताक सुरू करावे. दुसरी, आपली बालक-स्पर्धा बंद न करता तिचे गुण बदलावे. वजनाचा काटा असावाच, पण तो जसा खाली पाहायचा तसा वरही पाहायचा. उंचीच्या मानाने वजन, झालेल्या लसी, खेळण्यातली चपळाई आणि घरी शिजलेला डबा यांना गुण द्यावेत. तिसरी, कोणाही मुलाला ‘जाड्या’ म्हणून हाक मारू नये आणि त्याच्या आईला बोल लावू नये. मक्याची पेज भरविणारी आफ्रिकेतली आई, पितळेत दूध तापविणारी आपली आजी, आणि रडणाऱ्या पोराला पुडा देणारी आजची सून, तिघींनी हाती होते ते मायेने दिले. त्यांना दोष देऊन एकही मूल बरे झाले नाही. त्यांना कोणी नीट विचारले, ऐकून घेतले आणि त्यांच्या हाती दुसरे काही दिले, तेव्हाच मुले बरी झाली.

या सूचनांवर येत्या सभेत भगिनींनी मोकळेपणी बोलावे. विरोध असेल तर तोही सांगावा. बालवाडीच्या खाऊचा हिशेब मी मांडून आणीन. चणे-दाणे पुड्यांहून महाग पडत असतील तर फरक कसा भागवायचा, तेही तेथेच ठरवू.